वायर उपटणाऱ्या बाई

गर्जेबाईंची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्या माझ्याशी एक शब्दही बोलल्या नाहीत. मी तेलगावजवळच्या दूध संस्थेत नोकरी मागायला गेलो होतो. बीडला डिप्लोमा केलेला, शर्टाला कडक इस्त्री आणि स्वतःवर बेहद्द खूश. सोबत मी स्वतः लिहिलेला एक प्रोग्राम होता आणि तो चेअरमन अण्णांना दाखवत होतो. हे बटण दाबलं की हे होतं, ते दाबलं की ते होतं. अण्णा 'वा वा' म्हणत होते. तेवढ्यात मागून एक ठेंगण्याठुसक्या बाई आल्या, त्यांनी पदर खोचला, वाकल्या आणि भिंतीतला प्लग सरळ उपटला. पडदा काळा. मी आ वासून बघतोय तोवर त्यांनी प्लग परत लावला, कॉम्प्युटर सुरू केला आणि खुर्ची ओढून बसल्या. प्रोग्राम उघडला तर मी भरलेली सगळी माहिती गुल! बाई इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग अण्णांकडे वळून म्हणाल्या, "घ्या ह्याला. पोरगं रडलं न्हाई."

अशा रीतीने मी संस्थेच्या संगणक विभागात दाखल झालो. विभाग म्हणजे दोन कॉम्प्युटर, एक कुरकुरणारा टेबलफॅन आणि विभागप्रमुख गर्जेबाई. बाई मूळच्या दिंद्रुडकडच्या, मेंढरांमागे फिरणाऱ्या घरातल्या. लग्नानंतर माजलगावात टायपिंग शिकल्या. टायपिंगच्या मास्तरांनी कॉम्प्युटर आणला तेव्हा तो शिकल्या, आणि तो बंद पडल्यावर मास्तर हात जोडून बसले तेव्हा स्क्रू काढून तो चालूही करून दाखवला. त्यांचे यजमान एसटीत कंडक्टर होते. "आमच्या घरात एक बोलायला आन एक ऐकायला असं न्हाई," बाई सांगायच्या. "दोघंबी दिवसभर पब्लिकचं ऐकून येतो आन रातच्याला दोघंबी बोलतो."

बाईंचा एकच प्रश्न अख्ख्या तालुक्यात प्रसिद्ध होता. कोणी काहीही ठरवलं की त्या मान तिरकी करून विचारायच्या, "आन फसलं तर?" संस्थेच्या सभेत विचारायच्या, हळदीकुंकवात विचारायच्या, डॉक्टरला सुई टोचण्याआधी विचारायच्या. यात कुचकेपणा नव्हता. उलट कुठली गोष्ट कुठे कुठे फसू शकेल याचा विचार करताना त्यांचा चेहरा असा खुलायचा, की जणू मेन्यूकार्डच वाचताहेत. गेवराईला त्यांच्या पुतणीचं लग्न होतं. बाईंनी विचारलं, "नवरदेवाची गाडी बंद पडली तर?" सगळे म्हणाले, शुभ बोल गं नारी. बाईंनी गुपचूप एक ट्रॅक्टर धुऊन, हार घालून, ड्रायव्हरसकट हायवेवर उभा करून ठेवला. नवरदेवाची गाडी ऐन मुहूर्ताच्या आधी बंद पडली आणि नवरदेव मुंडावळ्या सावरत ट्रॅक्टरवरून मांडवात आले. बाई मांडवाच्या खांबाला धरून हसत होत्या. अक्षता पडल्या तेव्हाही त्यांचं हसणं थांबलेलं नव्हतं, असं म्हणतात.

मग तो दुष्काळ आला. आधी विहिरी आटल्या, मग बोअर. कडबा दिसेनासा झाला तशी संस्थेनं गावाबाहेरच्या माळावर चारा छावणी काढली. पत्र्याच्या सावल्या, लांबच लांब दावणी, पाण्याचे हौद. आसपासच्या गावांतून गाईम्हशी आल्या आणि त्यांच्यासोबत माणसंही बाजा घेऊन राहायला आली. छावणीचा नियम साधा होता. प्रत्येक जनावराच्या कानात नंबरचा बिल्ला मारायचा, दारातच मोबाइलवर त्याचा फोटो काढायचा, आणि तो फोटो आत पत्र्याच्या खोलीतल्या कॉम्प्युटरमध्ये बसला की जनावराचं नाव यादीत चढायचं. यादीत नाव तर दावणीला चारा. फोटो सांभाळून ठेवणारा प्रोग्राम मी लिहिला होता. मी इतका फुशारलो होतो की छावणीच्या दारावर माझं नाव रंगवायचंच काय ते बाकी होतं.

आणि एका रविवारी कॉम्प्युटरनं सांगितलं, जागा शिल्लक नाही.

नेमकी त्याच दिवशी सखूमावशी आली. सखूमावशी म्हणजे दिंद्रुडच्या बाजूची एकटी राहणारी म्हातारी. एका हातात काठी, दुसऱ्या हातात दाव्याला धरलेली लाल कंधारी गाय. गाय गाभण होती, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. मोबाइलवर फोटो काढला. कॉम्प्युटर म्हणाला, जागा नाही. परत काढला, जागा नाही. मावशीनं दारातून आत वाकून पाहिलं.

"कावून जागा न्हाई? ती काय दावण मोकळी दिसायली की."

"मावशी, दावणीला आहे, पण कॉम्प्युटरमध्ये नाही," मी म्हणालो.

"मंग माजी गाय दावणीला बांद. कंप्यूटरात कोन बांदायलंय तिला?"

मी अण्णांकडे वळलो. अण्णा हटेनात. तपासणी कधीही येईल, यादीबाहेरच्या जनावराला चारा दिला तर छावणीच बंद पडेल, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं. मावशी दाराबाहेरच्या कडुलिंबाखाली गाय घेऊन बसली. "बेस्तरवारपातूर बगती," ती म्हणाली. "न्हाईतर बाजारात नेती. व्यापारी दोनदा घरला येऊन गेलाय." ती रडली नाही की भांडली नाही. छावणीतल्या बायका आपल्या जनावरांच्या वाट्यातले मूठमूठ उसाचे वाढे त्या गाईपुढे टाकत होत्या, पण मूठभर वाढ्यानं गाभण गाईचं काय होणार? आणि आत माझा प्रोग्राम सांगत होता की हजारावर जनावरांची जागा भरली आहे. छावणीत जनावरं होती जेमतेम तीनशे.

सोमवारी सकाळी अण्णा फटफटीवरून आले ते तोडगा घेऊनच. "काय बे इंजिनेर, बीडहून मोठी डिस्क आणू का? मिटवून टाक."

बाई तेव्हा डबा खात होत्या. घास तसाच हातात ठेवून म्हणाल्या, "अण्णा, घागर गळायली म्हनून मोठी घागर आनली तर काय व्हतं? जास्तीचं पानी गळतं. आदी भोक हुडकू द्या."

भोक हुडकायची त्यांची पद्धत मला ठाऊक होती. संस्थेच्या ऑफिसातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर आम्ही माझा प्रोग्राम चढवला. जागा किती शिल्लक आहे, म्हणजे फोटो ठेवायचे खाने किती मोकळे आहेत, ते बाईंनी कागदावर लिहून घेतलं. मी टेबलफॅनचा फोटो काढून पाठवला. फोटो अर्धा पोचला असेल-नसेल, बाईंनी प्लग उपटला. परत चालू केला. फोटो नव्हता, ते बरोबरच. पण आठ खाने कमी झाले होते. परत फोटो, परत प्लग. फोटो नाही, आणखी आठ खाने गेले. तिसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा बाईंनी टाळी वाजवली आणि खुर्चीवरून उठून चक्क फुगडीचे दोन फेरे घेतले, एकट्यानंच.

"घावलं! घावलं लेकरा! तुजा कंप्यूटर चोर न्हाई, येडा हाय!"

झालं होतं ते असं. फोटो आत घेण्याआधी माझा प्रोग्राम त्याच्यासाठी आठ खाने धरून ठेवायचा, म्हणजे मध्येच दुसरा कोणी घुसू नये. फोटो नीट आला की त्या खान्यांत बसायचा. पण फोटो येता येता लाईट गेली तर? धरलेले खाने कोणी सोडायचे, हे मी कुठे लिहिलंच नव्हतं. आमच्याकडे लाईट दिवसातून किती वेळा जायची ते सांगायला नको. दर वेळी आठ खाने कोणाच्याच नावावर नसताना अडकून पडायचे. मी हे सगळं जडजंबाळ भाषेत अण्णांना समजावायला लागलो, तशी बाईंनी मला हातानं गप्प केलं.

"अण्णा, यष्टी फलाटाला लागली की मानसं खिडकीतून रुमाल टाकत्यात का न्हाई? जागा धरायला? आता येकानं रुमाल टाकला आन दारातल्या गर्दीत त्याला चढताच आलं न्हाई. गाडी सुटली. रुमाल बसलाय सीटवर, मानूस फलाटावर. ह्या पोराच्या गाडीत निस्ते रुमालच बसल्यात. रुमालानं गाडी फुल्ल!"

अण्णा पोट धरून हसले. मीही हसलो, पण मला दाराबाहेरची गाय दिसत होती. मी म्हणालो, "बाई, लाईट गेली म्हणून झालं हे. लाईट गेली नसती तर प्रोग्राम बरोबरच होता." हे मी कशाला बोललो कोण जाणे. बाईंचं हसू एकदम थांबलं. "लेकरा, तू जन्मला कुटं? बीड जिल्ह्यातच ना? लाईट जाती हे तुला म्हाईत नव्हतं का? चांगलं चाललंय तवा कसं चालवायचं ते बैलालाबी कळतं. इंजिनेर कशाला ठिवलाय? बिघडल्यावर काय करायचं त्यासाटी."

मंगळवारी मी दुरुस्ती केली. एकाच्या जागी दोन. मोबाइलचा संपर्क मध्येच तुटला तर धरलेले खाने तिथल्या तिथे सोडायचे, ही एक. आणि लाईट जाऊन कॉम्प्युटर परत सुरू झाला, की अर्धवट राहिलेल्यांची यादी बघून सगळ्यांचे खाने सोडायचे, ही दुसरी. मला वाटलं, दुहेरी बंदोबस्त झाला. बाईंना त्या दिवशी संस्थेच्या कामानं माजलगावला जावं लागलं होतं. जाताना बजावून गेल्या, "म्या येईस्तोवर लावू नको." पण मावशी बाहेर बसलेली, आणि मला कधी एकदा तिची गाय आत घेतो असं झालेलं. अण्णांनी तर नारळच आणला. कॉम्प्युटरसमोर नारळ फुटला, अडकलेले सगळे खाने मोकळे झाले. "पैला फोटो माजा काढा," अण्णा म्हणाले, "मंग मावशीच्या गाईचा." पांढरे कपडे, टोपी, हात जोडलेले. पहिल्यांदा संपर्क तुटला. पुन्हा काढला, तो बसला. लगेच लाईट गेली. आली. पाठोपाठ एका खिलार बैलाच्या नुसत्या तोंडाचा फोटो पाठवला, तोही बसला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अण्णा म्हणाले, "दाखव बरं माजा कसा आलाय."

मी फोटो उघडला. वर भलीमोठी शिंगं, कपाळावर गुलाल, ओलं नाकाड. खाली पांढराशुभ्र सदरा आणि जोडलेले हात.

खोलीतल्या सगळ्यांनी माना पुढे काढल्या. मग बाहेरून डोकावणाऱ्या एका बाईला पहिलं हसू फुटलं आणि बघता बघता अख्खी छावणी त्या खोलीच्या दाराशी लोटली. अण्णांनी वाकून पडदा वरपासून खालपर्यंत पाहिला. शेवटी म्हणाले, "हात तर माजेच हायेत." तेवढ्यात बाई परतल्या. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं, आणि जमिनीवर फतकल मारून बसल्या. उभं राहून हसण्यासारखं ते नव्हतंच. मला मात्र हसू येईना. मी मशीन बंद केलं. मावशीच्या गाईचा फोटो आता घेतला आणि उद्या तिच्या जागी दुसऱ्याच कुणाची म्हैस निघाली, तर तपासणीत तिचं नाव कटणार. म्हणजे मंगळवारही गेला. बेस्तरवार, म्हणजे गुरुवार, यायला मधला एकच दिवस उरला होता.

हसून झाल्यावर बाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि माझ्या शेजारी बसल्या. रागावल्या नाहीत. "बग," म्हणाल्या, "पैल्या बाबाचा रुमाल व्हता. त्याला चढता आलं न्हाई, म्हनून कंडक्टरनं रुमाल काढून टाकला. जागा मोकळी. बरोबर केलं. तिथं अण्णा येऊन बसले. मंग दुसरा कंडक्टर आला. त्याच्या यादीत ती सीट आजून रुमालाचीच. त्यानं काय केलं? रुमाल समजून अण्णाला उचलून खाली ठिवलं आन बैलाला म्हनला, बसा. बैलाचं निस्तं तोंडच व्हतं, ते वरच्या खान्यांतच मावलं; खालच्यांत अण्णाच ऱ्हायले."

"मग एक कंडक्टर कमी करू?"

"कोनता कमी करशील? लाईट गेल्यावर येक पायजे, संपर्क तुटल्यावर दुसरा पायजे. कंडक्टर दोन असू दे. रुमालावर नाव घाल. ज्याच्या नावाचा रुमाल, त्येच्यासाटीच उचलायचा. उचलला की यादीतून नाव खोडायचं. नाव न्हाई तर हात लावायचा न्हाई."

एवढंच होतं. बुधवारी दुपारपर्यंत मी ते लिहिलं. मग बाईंनी पत्र्याच्या खोलीत भिंतीजवळ स्टूल ठेवलं, प्लगवर हात ठेवून बसल्या आणि म्हणाल्या, "चल, पाठव." मी हौदाचे, दावणीचे, चपलांचे फोटो पाठवत होतो आणि बाई प्लग उपटत होत्या. सुरुवातीला उपटला, मध्ये उपटला, फोटो बसता बसता उपटला, कॉम्प्युटर पुरता जागा व्हायच्या आत पुन्हा उपटला. अण्णा दारातून ओरडले, "बाई, मरंल की वो ते मशीन!"

"मरू द्या. आत्ता मेलं तर आपुन हजर हाओत. आपुन नसताना मेलं तर कोन बगनार?"

सत्तावीस वेळा उपटला. मी मोजत होतो, त्याही मोजत होत्या. सत्तावीस वेळा खाने जितके असायला हवे तितकेच निघाले, एक कमी नाही, एक जास्त नाही. प्रत्येक फोटोत जे असायला हवं तेच होतं. अण्णांचा फोटो नव्यानं काढला, त्यात पायापासून टोपीपर्यंत अण्णाच होते. छावणीतल्या काहीजणी थोड्या हिरमुसल्या. मग मी बाहेर जाऊन सखूमावशीला बोलावलं. गाईच्या कानात बिल्ला मारला, फोटो काढला. तो येत असताना खरोखरची लाईट गेली. अण्णांनी कपाळावर हात मारला. बाई मात्र अशा हसल्या, जणू त्यांना कोणीतरी लाडूच दिला होता. पंधरा मिनिटांनी लाईट आली, पुन्हा फोटो काढला, आणि गाय यादीत चढली.

बाई गेल्या त्याला आता चार वर्षं झाली. शेवटपर्यंत ठणठणीत होत्या आणि एका दुपारी डबा खाऊन झाल्यावर खुर्चीतच गेल्या. भेटायला जमलेली माणसं त्यांच्या ट्रॅक्टरच्या, प्लगच्या गोष्टी सांगत होती आणि सांगता सांगता हसत होती. सुतकाच्या घरात इतकं हसणं मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही. मीही हसलो. पुण्यात आता माझ्या हाताखाली वीस माणसं आहेत, आणि बाईंकडून काय शिकलात असं त्यांच्यापैकी कोणी विचारलं, तर मी त्यांना रुमालाची गोष्ट सांगत नाही. ती कोणालाही समजते. गाय यादीत चढल्यानंतरचं एवढंसं काहीतरी सांगतो.

मावशी दावं सोडवत होती. सोडवता सोडवता थांबली आणि म्हणाली, "आता कंप्यूटर मोठा केला का रं?"

"नाही मावशी, तोच आहे."

"मंग जागा कुटून आली?"

मी म्हणालो, जागा होतीच. म्हातारी काठीवर भार देऊन सरळ उभी राहिली. "व्हती? चार दिस व्हती? आन मला झाडाखाली बसविलं?"

अण्णा फटफटीची किल्ली शोधायला लागले. माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं, लाईट, संपर्क, खाने, रुमाल, आणि मी बोलणारच होतो. बाईंनी माझ्या मनगटाला धरलं. प्रोग्राम माझा होता, त्यांनी त्यातली एक ओळही लिहिली नव्हती. त्या मावशीच्या समोर गेल्या आणि वाकल्या.

"व्हय मावशे. जागा व्हती. चूक आमची हाय. तुला फुकट बसविलं."

लाईटचं, रुमालाचं त्यांनी नावही काढलं नाही. मावशीनं दावं मनगटाला गुंडाळलं.

"असं पैल्याच दिवशी सांगितलं असतं तर म्या व्यापाऱ्याच्या नावानं तीन रात्री जागले नसते," ती म्हणाली. "सर बाजूला. गाईला पानी दावू दे."